नेम

३० जून २०२०. दशमीची दुपार. आमच्या निगडीच्या घरात टीव्हीवर एक एसटी दिसत होती. फुलांच्या माळा, मागेपुढे पोलिसांच्या गाड्या, आत माउलींच्या पादुका आणि सोबत मोजकी माणसं. आबा सोफ्यावर बसले नव्हते, टीव्हीसमोर उभे होते. गुडघ्यांसाठी घरातही घालायच्या सपाता त्यांनी काढून भिंतीशी ठेवल्या होत्या. बस दिसेनाशी झाली, जाहिराती लागल्या, तरी ते उभेच.

"एवढ्यात आम्ही वाखरी सोडलेली असती," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

१९८४ ते २०१९. छत्तीस वाऱ्या, एकही न चुकता. पिंपरीतल्या कारखान्यातली वर्षभराची रजा ते ज्येष्ठ-आषाढासाठी साठवायचे. १९८५मध्ये दादा जन्मला तेव्हा आबा तरडगावच्या मुक्कामी होते, मुलगा झाल्याचं त्यांना फलटणला कळलं. ही गोष्ट आबा कौतुकानं सांगतात. आईही सांगते, पण तिच्या सांगण्यात कौतुक नसतं.

"यंदा कुठं जायचं न्हाई ना," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मग बसा आता. चहा टाकते."

'नेम' हा शब्द आमच्याकडे दोन तोंडांचा आहे. पावसाचा नेम नाही, बाजारभावाचा नेम नाही, माणसाचा तर मुळीच नाही, असं म्हणताना नेम म्हणजे भरवसा. आणि एकादशीचा नेम, हरिपाठाचा नेम म्हणताना नेम म्हणजे काहीही झालं तरी करायची गोष्ट. त्या वर्षी पहिल्या अर्थाचा नेम कुणाकडेच उरला नव्हता. दादा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी सुपरवायझर होता. मे महिन्यात त्याला फोन आला, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. वहिनीची शिकवणी बंद. मी मुंबईहून आठ दिवसांसाठी आले होते, ती अडकले ती अडकलेच. सहा माणसं, दोन खोल्या आणि हॉल. रोज संध्याकाळी कोरोनाच्या रुग्णांचे आकडे यायचे आणि ते ऐकताना घरात कुणी कुणाकडे बघायचं नाही.

कठीण काळात कुटुंब एकत्र येतं वगैरे जे लिहिलं जातं, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. आमचं घर एकत्र होतं म्हणूनच एकमेकांच्या अंगावर येत होतं. आंघोळीच्या पाण्यावरून भांडणं झाली. भाच्याच्या ऑनलाइन शाळेसाठी लागणाऱ्या एकुलत्या एक बऱ्या मोबाइलवरून झाली. आणि दादानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. जेवण दाराशी, अंघोळ रात्री सगळे झोपल्यावर. तीन दिवस.

वारकरी घरात वाढलेल्या कुणालाही अशा वेळी ताटीचे अभंग आठवणारच. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार, म्हणजे ताटी, लावून बसतात आणि धाकटी मुक्ताई बाहेरून त्यांना समजावते, अशी ती परंपरेतली गोष्ट. आईबाप गेलेली, गावानं वाळीत टाकलेली चार पोरं. पुढं सातशे वर्षं महाराष्ट्र ज्यांच्या नावानं चालत आला, त्या घरातही कुणीतरी रुसून दार लावलं होतं, याचा मला फार आधार वाटतो. मात्र माझ्याकडे मुक्ताईचे शब्द नव्हते. एकादशीच्या संध्याकाळी मी दारावर थाप मारली आणि म्हटलं, "दादा, आबा हरिपाठाला उभे राहिलेत. पखवाजाला कुणी नाही."

आतून बराच वेळ काही नाही. मग, "पखवाज आहे कुठं?"

पखवाज माळ्यावर होता, आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला. दादा तो शाळेत असताना शिकला होता आणि आयटीआयला गेल्यावर त्यानं तो सोडला होता. वाद्या सैल झालेल्या. आता पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, ओली कणीक लावावी लागते, तेव्हा कुठं त्याचा आवाज पोटातून येतो. एकादशी म्हणून मोठी माणसं उपाशी होती, पण भाच्यासाठी आईनं पोळीची कणीक मळली होती. तिनं एक गोळा तोडून दिला. दादानं तो हातावर पाणी घेऊन थापला, अंगठ्यानं कडा सारख्या केल्या, एक थाप मारली, थोडी कणीक काढली, पुन्हा मारली. असं सात-आठ वेळा. तो वाद्य लावत होता आणि आम्ही सगळे नुसते बघत होतो. तीन दिवसांनंतर त्याचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर दुसरा कसला विचार नव्हता, फक्त कणीक किती ठेवायची एवढाच.

हरिपाठ म्हणजे काही ध्यान नव्हे. नवख्याला तो गोंगाटच वाटेल. ज्ञानदेवांच्या नावावरचे सत्तावीस अभंग, चाल साधी, शब्द बहुतेकांना पाठ, टाळ, आणि जागा असेल तर पावल्या. आमच्या हॉलमध्ये पावली टाकली तर टीपॉयला लागते. खालच्या मजल्यावरून दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्यावर टाळ हळू, पखवाज साडेसातच्या आत, असं ठरलं. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात कुणाला बोलावं लागत नाही, ही त्यातली खरी सोय. एकमेकांची समजूत काढायची नाही, धीर द्यायचा नाही, उद्याचं विचारायचं नाही. पुढची ओळ ठरलेली असते. आपण फक्त ती वेळेवर उचलायची.

मी स्वतः श्रद्धाळू म्हणावी अशी नाही. हे सांगितलं पाहिजे, कारण दिवाळी अंकांत असल्या विषयावर लिहिणारे शेवटी हळूच श्रद्धाळू होतात. मी टाळ धरला तो त्या अर्ध्या तासात मोबाइल लांब राहायचा म्हणून.

ते वर्ष सगळ्यांसाठीच उलटं होतं. पंढरपूरचं मंदिर १७ मार्चपासून बंद. जूनमध्ये प्रस्थान झालं ते थोड्या लोकांत, आणि माउलींच्या पादुका दशमीपर्यंत आळंदीतच, आजोळघरी राहिल्या. देवाचाही मुक्काम हलला नाही. पंढरपुरात संचारबंदी होती. १ जुलैच्या पहाटे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यासोबत शासकीय महापूजेचा मान मिळाला तो तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातल्या चिंचपूर पांगुळच्या विठ्ठल ज्ञानोबा बडे आणि त्यांच्या पत्नी अनुसया यांना. एरवी हा मान दर्शनरांगेतल्या वारकऱ्याला मिळतो. त्या वर्षी रांगच नव्हती. बडे मंदिरात वीणेचा पहारा देणारे. लाखो लोक चालत येतात त्या दिवशी, जो आधीपासून तिथंच उभा होता त्याला बोलावणं आलं.

आणि ही गत फक्त आपलीच नव्हे. त्याच वर्षी रमजानमध्ये आमच्या समोरच्या विंगेतल्या कुटुंबानं तरावीहची नमाज घरातच पढली. माणसं मशिदीत जाऊन यायची अशी सवय असलेल्या त्या घरातल्या बाईंनी मला गच्चीवर हसत सांगितलं होतं, "पहिल्यांदाच सगळे एका ओळीत." जोग महाराजांनी १९१७मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून ते गाव पखवाज-गायन शिकणाऱ्या पोरांनी भरलेलं असतं. त्या वर्षी ती पोरंही गावोगावी परत गेली. सप्ताह रद्द, कीर्तनं रद्द. कीर्तनावर ज्यांचं घर चालतं त्यांनी मोबाइल उभा करून रिकाम्या खोलीत कीर्तनं केली. एका कीर्तनकारांनी मला नंतर सांगितलं, "समोर माना हलवणारं कुणी नसलं की आपण खरं बोलतोय की नुसतं बोलतोय हे लगेच कळतं."

भक्ती अशी घरात आली, यात मला एक गोष्ट दिसते, ती आबांना फारशी आवडत नाही. आमच्या घरातला देव तोवर दरवर्षी तीन आठवडे बाहेर असायचा. पेरणीच्या तोंडावर आजी आणि आई मागं राहायच्या, पुढं शहरात आल्यावर शाळा सुरू होण्याच्या तोंडावर आई मागं राहायची. दप्तरं, फी, गळणारं छत, माझा टायफॉइड. भक्ती आबांकडे आणि खोळंबा आईकडे. हे मी वारीबद्दलची तक्रार म्हणून लिहीत नाही. वारीत बायकाही हजारोंनी चालतात, डोक्यावर तुळस घेऊन चालतात. पण ज्यांच्यामुळे कुणाला तरी जाता येतं त्यांचा फोटो निघत नाही.

तुकोबांच्या चरित्रातही हे आहे, वाचणारा घाईनं पुढं जातो एवढंच. १६३०च्या सुमाराचा दुष्काळ, त्यात थोरली बायको आणि मुलगा गेला, व्यापार बसला, मग भंडारा डोंगर, आणि कर्जाच्या कागदांतला आपला वाटा इंद्रायणीत. या सगळ्यात दुसरी बायको जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढते आहे. लोककथेनं तिला कजाग ठरवलं. कजाग बाई एवढा चढ रोज चढेल का, हा प्रश्न आईचा, माझा नाही.

२०२० साली आईनं पहिल्यांदा हरिपाठात मागं न राहता आबांच्या शेजारी उभं राहून टाळ धरला. तिला सगळा पाठ होता. आबांना हे माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं!

"कधी पाठ केलास गं?" त्यांनी विचारलं.

"तुमी गेल्यावर," आई म्हणाली. "पोरं झोपली की म्हणायची."

पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, मंदिरं उघडली. आम्हाला वाटलं, संपलं. दादाला छोटी नोकरी लागली, मी मुंबईला गेले. हरिपाठ आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मग एप्रिल २०२१ आला.

आई आणि दादा एकाच दिवशी पॉझिटिव्ह आले. मी पुन्हा निगडीत. दादाला ताप आणि खोकला, तो त्याच आतल्या खोलीत, तेच दार लावलेलं. आईचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला आणि दिवसभर फोन करून रात्री उशिरा एका ठिकाणी बेड मिळाला. दारातून स्ट्रेचर आत गेलं तेव्हा तिनं हातातल्या बांगड्या काढून वहिनीकडे दिल्या आणि म्हणाली, "दूध नासंल, बघ." नऊ दिवस ती आत होती.

पहिल्या रात्री कुणी झोपलं नाही. चौघं चार कोपऱ्यांत, मोबाइल मध्ये टीपॉयवर. कुठलाही आवाज आला की चार हात पुढं. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी खुंटीवरची वीणा काढली, तार लावली आणि म्हणाले, "सगळ्यांनी जागायची गरज न्हाई. एकानं जागायचं, बाकीच्यांनी झोपायचं. पहारा लावू."

गावाकडच्या अखंड हरिनाम सप्ताहात ज्यांनी पहारा दिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. सात दिवस, रात्रंदिवस वीणा हलती ठेवायची. ती खाली टेकवायची नाही. घरोघरचे पहारे वाटून दिलेले असतात, रात्री दोनचा पहारा ज्याच्या वाट्याला येतो तो घोंगडी पांघरून झोपेतच देवळात येतो. वीणा घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. मग पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो आणि मधल्या क्षणी वीणा दोघांच्या हातांत असते. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आमच्या आजोबांनी दुष्काळी कामावर सप्ताह बसवला होता, असं आबा सांगतात. दिवसभर खडी, जेवायला सुकडी आणि लाल मिलोची भाकरी, रात्री पहारा. मी विचारलं होतं, दमलेल्या माणसांना रात्री जागवायचं कशाला? आबा म्हणाले होते, "जागवत न्हाईत. झोपवत्यात. कुणीतरी जागं हाय म्हणल्यावर माणूस झोपतो."

तेव्हा मला ते बोलणं नुसतं छान वाटलं होतं. २०२१च्या एप्रिलमध्ये ते वेळापत्रक झालं. दहा ते बारा भाचा, बारा ते दोन मी, दोन ते चार आबा, चार ते सहा वहिनी. ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्याच खिशात फोन. हा नियम आबांचा. फोन वाजला तर त्यानंच घ्यायचा, इतरांनी डोळे उघडायचे नाहीत.

बारा वर्षांचा मुलगा, त्याच्या छातीएवढी वीणा. पहाऱ्याच्या पहिल्या रात्री मी झोपेचं सोंग घेऊन त्याच्याकडे बघत होते. तो हॉलमध्ये खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होता, तार छेडत, ओठांतल्या ओठांत रामकृष्णहरी. बाहेर अँब्युलन्स गेली की तो थांबायचा, आवाज विरेपर्यंत थांबायचा, पुन्हा चालायला लागायचा. आतल्या खोलीतून दादा दारावर बोटांनी ठेका धरायचा. बारा वाजता भाच्यानं मला हलवलं नाही. तो येऊन उशाशी उभा राहिला. मी उठले, त्याच्या पाया पडले, तो माझ्या पाया पडला. पट्टा गळ्यात आल्यावर वीणा अंगाला गरम लागली, त्याच्या अंगाची ऊब होती ती. "फोन आला नाही, आत्या," तो म्हणाला आणि गादीवर पडल्या पडल्या झोपला.

मी दोन तास चालले. प्रार्थना केली म्हणता येणार नाही. काय मागावं हे सुचत नव्हतं, आणि मागायचं कुणाकडे तेही. पण तीन माणसांचा श्वास ऐकू येत होता आणि ती माणसं माझ्या भरवशावर झोपली आहेत, एवढं पुरेसं काम होतं. शांत बसणं मला कधी जमलेलं नाही. शांत उभं राहणं त्या रात्री जमलं.

आई घरी आली. ऑक्सिजनमुळे, औषधांमुळे, रात्रपाळीच्या नर्सेसमुळे, आणि ज्याला नशीब म्हणतात त्यामुळे. आबाही कधी म्हणत नाहीत की वीणेमुळे आली. कारण आमच्याच इमारतीत त्या महिन्यात तीन माणसं गेली आणि त्यातले एक माळकरी होते, आबांच्याच दिंडीतले, एकादशीला पाणीही मोजून पिणारे. त्यांच्याही घरी हरिपाठ होता. या गोष्टीचं उत्तर माझ्याजवळ नाही. आबांना मी विचारलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ते त्या माळकऱ्यांच्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. आत त्यांच्या घरातली म्हातारी, बाहेर हे. दोन महिने. बहुतेक वेळा बोलणं पाण्याच्या टँकरबद्दल असायचं.

विठ्ठल विटेवर उभा आहे तो पुंडलिकासाठी, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. देव दारात आला तेव्हा हा आईबापाचे पाय चेपत होता. त्यानं वीट भिरकावली आणि देवाला सांगितलं, थांब. या गोष्टीचं तात्पर्य आईबापाची सेवा, असं शाळेत शिकवतात. मला आता ती दुसऱ्या बाजूनं दिसते. घरात काम चाललं होतं आणि देवानं थांबायचं कबूल केलं. अरणच्या सावता माळ्यांचीही तीच तऱ्हा. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते, आणि आजही पांडुरंगाची पालखी आषाढात त्यांच्या भेटीला अरणला जाते.

२०२१ची आषाढीही बसनंच झाली. २०२२मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. आबांची बॅग दरवर्षी ठेवतात तिथं, कपाटावर. त्यांनी ती खाली काढली, झटकली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

"मला गुडघे चालू देत न्हाईत," ते म्हणाले. हे अर्धंच खरं होतं.

आई लोणंदपासून चालली. सोबत मी, वही घेऊन. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, दोन्ही रांगांमधून अश्व धावत गेला आणि माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली, तेव्हा आई वाकली नाही. बघत राहिली. "हे मला छत्तीस वर्षं तोंडी सांगितलंय," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं त्यापेक्षा घोडं बारकं हाय."

माळशिरस तालुक्यात ज्या शेतकऱ्याच्या अंगणात आमच्या दिंडीचा मुक्काम असतो, तिथं रात्री दीडशे माणसं जेवली. पिठलं, भाकरी, ठेचा. घरातली म्हातारी आजी चुलीपाशी बसून मागच्या दोन वर्षांचं सांगत होती. २०२०मध्ये त्या तिथीला कुणी येणार नाही हे माहीत असूनही तिनं अंगण सारवलं, रांगोळी घातली. सून म्हणाली, कुणासाठी? मग रात्री घरातली पाचही माणसं अंगणात पंगत धरून बसली आणि तिनं त्यांनाच वाढलं. "लगीन झाल्यापासनं त्या रातीला मी कधी आमच्या मानसांला वाढलं नव्हतं," ती म्हणाली. "आलेल्यालाच वाढायची. पोरगं चार भाकरी जेवतंय हे तवा कळलं."

जेवणं झाल्यावर आईनं घरी फोन लावला. फोन कानाला लावून ती अंगणाच्या कडेला उभी राहिली, दुसरा हात कमरेवर. पलीकडून टाळाचा आवाज येत होता. मग पखवाजाचा, थोडा बेसूर. दादा दुसऱ्या पाळीला असणार, म्हणजे भाचा वाजवत होता. मग मध्येच सगळं थांबलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

आबांचा आवाज मलाही ऐकू आला. "दूध उतू गेलं," ते म्हणाले. "गळ्यात वीणा हाय, खाली ठेवता येत न्हाई. गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा?"